मार्केटप्लेसचा विमा, इंडियानातलं छोटं गाव: नवरा मेडिकेअरवर, मी ५९ ची. ब्राँझ घेऊ की गोल्ड?

कर्वेनगर_ते_कोलंबस | १५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. कोलंबस म्हटलं की सगळ्यांना ओहायो आठवतं. आमचं कोलंबस इंडियानातलं, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला पंचेचाळीस मैलांवर, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात भाजी निवडताना मागून मराठी ऐकू येतं, कारण इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथे आहे आणि त्यांचं पुण्याशी जुनं नातं. आमचे हे कमिन्समध्ये नाहीत. सुटे भाग बनवणाऱ्या शंभरेक माणसांच्या कंपनीत आहेत. ऑक्टोबरात ६५ पूर्ण झाले, मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी विमा) लागलं, आणि ३१ डिसेंबरला निवृत्त होताहेत. त्यांचं मार्गी लागलं. माझा विमा मात्र त्यांच्या नोकरीवरच होता, तो त्याच दिवशी संपणार.

मला मेडिकेअर मिळायला २०३१ उजाडेल. तोवरची सोय मार्केटप्लेसवर, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमा-बाजारात करायची असं ठरतंय. हेल्थकेअर डॉट गव्हवर बसून सगळे प्लॅन पाहिले. आमच्या काउंटीपुरतं बोलायचं तर यादी लांबलचक दिसते, पण नीट पाहिलं की त्याच दोन-चार कंपन्या वेगवेगळी नावं लावून पुन्हा पुन्हा येतात. चाळून तीन उरले (ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या चढत्या पायऱ्या, वर जावं तसा बिलातला आपला वाटा कमी):

सिल्व्हर, पूर्ण हप्ता महिना हजार डॉलर. आमच्या गावातलं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्यांत.
त्याच कंपनीचा ब्राँझ, ७८० डॉलर. डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम, ७,५००. वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त १०,०००.
दुसऱ्या कंपनीचा गोल्ड, १,०९० डॉलर. डिडक्टिबल २,०००, खिशातून जास्तीत जास्त ८,२००. पण त्यांचे बहुतेक डॉक्टर इंडियानापोलिसला.

हे आकडे सबसिडी, म्हणजे हप्त्यातली सरकारी मदत, न धरता. सबसिडी मिळेल की नाही तिथेच घोडं अडलंय. २०२६ चं आमचं उत्पन्न मी वहीत मांडलं ते असं: ह्यांचं सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ३४,०००. आयआरए या निवृत्ती खात्यातून काढायचे ४०,०००. इथल्या बँकेचं व्याज ४,०००. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं महिना ३२,००० रुपये, ८८ चा भाव धरून वर्षाचे ४,३६०. भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज अडीच लाख रुपये, म्हणजे २,८४०. बेरीज ८५,२००. आणि दोन माणसांच्या घराला सबसिडीची रेषा म्हणे ८४,६००! सहाशे डॉलरसाठी सगळं जाणार?

आमचे हे म्हणतात, "अगं, एनआरईचं व्याज तर करमुक्त असतं, ते धरूच नकोस. आणि वॉशिंग्टनमध्ये काहीतरी तोडगा निघेलच." हे आयुष्यभर "निघेलच" म्हणत आले आणि तोडगा मी काढत आले, म्हणून तुम्हाला विचारतेय.

आणखी माहिती: मला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे, दोन्ही स्वस्त. डॉक्टर इंडियानापोलिसला आहेत आणि पुढेमागे इंजेक्शनं, म्हणजे ती बायोलॉजिक, लागतील असं म्हणाल्यात. कंपनीने कोब्राचं, म्हणजे नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याचं, पत्र दिलंय, महिना ९६० डॉलर. भिशीतल्या एका मैत्रिणीचं ठाम मत, "डोळे मिटून सिल्व्हर घे, त्यातच खरी सवलत असते." शिवाय २०२६ मध्ये फ्लॅट विकायचाही विचार आहे. १९९७ साली घेतलेला, किंमत तेव्हा किती आणि आता किती ते पुणेकरांना सांगायला नको.

कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

फिशर्सचे_आजोबा | १५ नोव्हेंबर २०२५

ताई, मी ६१ व्या वर्षी नोकरी सोडली आणि मेडिकेअर लागेपर्यंत मार्केटप्लेसवरच काढली. पैशाचं गणित दुसरं कुणी माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मी नेटवर्कचं सांगतो, कारण छोट्या गावात माणूस फसतो तो तिथे.

मोठ्या शहरात एक हॉस्पिटल नेटवर्कबाहेर गेलं तर दुसरं दहा मिनिटांवर असतं. तुमच्या गावात एकच. ते ज्या प्लॅनमध्ये नाही, तो प्लॅन तुमच्यासाठी जवळजवळ नसल्यातच जमा, कारण मार्केटप्लेसचे बहुतेक प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ असतात. नेटवर्कबाहेर गेलात की शून्य. इमर्जन्सी तेवढी कुठल्याही हॉस्पिटलात नेटवर्कच्याच दराने धरावी लागते, २०२२ पासून तसा कायदा आहे. पण त्यात रस्त्यावरून धावणारी अँब्युलन्स येत नाही. हेलिकॉप्टरची येते, साधी नाही! आणि इमर्जन्सी आटोक्यात आल्यावर पुढच्या तपासण्या, फिजिओथेरपी, टाके काढणं, हे सगळं पुन्हा नेटवर्कमध्येच. जानेवारीत आय-६५ वर बर्फ पडत असताना रक्त तपासायला पंचेचाळीस मैल जायची तयारी असेल तरच त्या गोल्डकडे बघा.

दुसरं. "तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का?" असं डॉक्टरच्या ऑफिसात कधी विचारू नका. ते हो म्हणणारच, कारण त्याच कंपनीचा नोकरीवाल्यांचा विमा ते घेतात. मार्केटप्लेसवर तीच कंपनी वेगळं, अरुंद नेटवर्क विकते. प्लॅनचं पूर्ण नाव आणि नेटवर्कचं नाव वाचून दाखवा, २०२६ साठी विचारतेय असं सांगा, आणि समोर कोण बोलतंय त्याचं नाव वहीत लिहा. रिसेप्शनपेक्षा बिलिंगवाल्यांना जास्त ठाऊक असतं. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या डॉक्टरांच्या यादीवर तर मुळीच विसंबू नका. माझ्या वेळी त्या यादीतले एक डॉक्टर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेले निघाले.

औषधांच्या यादीतही शोधा. आजची दोन्ही औषधं कुठेही मिळतील. जी इंजेक्शनं लागू शकतील त्यांची नावं डॉक्टरांकडून घ्या आणि ती यादीत कुठल्या पायरीवर आहेत, आधी मंजुरी लागते का, ते बघा.

एक गंमत सांगून थांबतो. अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो. ओढत नाही म्हणून आमच्या ओळखीतले एकजण "नाही" लिहून मोकळे होत होते, आणि खिशात चुन्याची डबी. गेल्या सहा महिन्यांत आठवड्यातून चारदा किंवा जास्त तंबाखू, मग ती ओढलेली असो की मळलेली, तर उत्तर "हो". हप्ता दीडपटीपर्यंत वाढू शकतो, आणि त्या वाढीवर सबसिडी नाही.

वहीखातं | १६ नोव्हेंबर २०२५

मी न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स भरते. काकू, तुमची वही फार छान आहे, पण तिच्यात तीन ठिकाणी पेन फिरवावं लागेल.

आधी रेषेबद्दल. २०२१ ते २०२५ ही पाच वर्षं वाढीव सबसिडी होती. उत्पन्न कितीही असलं तरी बेंचमार्क प्लॅनसाठी (तो कुठला ते पुढे सांगते) उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागत नव्हतं. ती ३१ डिसेंबरला संपतेय. मागच्या आठवड्यापर्यंत सरकार बंद होतं ते मुख्यतः याच भांडणावरून. बुधवारी ते उघडलं, पण सबसिडीचा निकाल लागलेला नाही, नुसतं डिसेंबरात मतदानाचं आश्वासन. तेव्हा ती गेली असं धरूनच चाला. काही निघालं तर आनंद.

म्हणजे २०२६ ला पुन्हा जुना कडा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत असेल तर मदत. दोघांच्या घरासाठी ही चौपट ८४,६००. (काका मेडिकेअरवर असले तरी घर दोघांचंच, आणि रिटर्न एकत्रच भरायला हवा.) त्याच्या आत, तुमच्या पट्ट्यात, बेंचमार्कसाठी उत्पन्नाच्या ९.९६ टक्के तुम्ही भरायचे, वरचं सरकार. बेंचमार्क म्हणजे तुमच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर. तो तुमचा हजारवालाच आहे असं धरते. एक डॉलर वर गेलात की मदत शून्य.

आता पेन फिरवू. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. ते धरायचंच, काकांना सांगा. सोशल सिक्युरिटी पूर्ण ३४,००० धरायचं, त्यातला जो भाग करपात्र नसतो तोही. आणि मेडिकेअर पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, त्याच्या हप्त्याचे महिना २०२.९० कापून बँकेत जे येतं ते नव्हे, कापण्याआधीचं. यंदापासून ६५ वरच्यांना सहा हजारांची जादा वजावट मिळते ना, तिचाही इथे उपयोग नाही. टॅक्स कमी होतो, ही बेरीज होत नाही.

भाडं मात्र तुम्ही जास्त धरलंय. हाती येणारं भाडं नाही, खर्च वजा जाता उरतं ते धरायचं. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मालमत्ता कर, दुरुस्ती, एजंटची दलाली, आणि इथल्या नियमाने इमारतीचा घसारा. माझ्या अंदाजाने ४,३६० चे १,८०० उरतील. तुमची बेरीज ८२,६४० वर आली. रेषेच्या आत!

पण हे काठावरचं आत आहे. डॉलरचा भाव हलला, बँकेने व्याज थोडं जास्त दिलं की गेलं. म्हणून ब्राँझकडे बघा, आणि याचं कारण हप्ता नाही. १ जानेवारी २०२६ पासून मार्केटप्लेसवरचा कुठलाही ब्राँझ प्लॅन असला की एचएसए, म्हणजे औषधोपचारासाठीचं करमुक्त बचत खातं, उघडता येतं. पूर्वी ठरावीक हाय-डिडक्टिबल प्लॅनच चालायचे. एकट्यासाठी मर्यादा ४,४००, आणि ५५ च्या वर म्हणून आणखी १,०००. तुम्ही ५,४०० भरू शकता. खातं तुमच्या नावावर हवं. काका मेडिकेअरवर असल्यामुळे त्यांना आता भरता येणार नाही. हे ५,४०० थेट त्या बेरजेतून वजा होतात, म्हणजे ७७,२४०. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे २०२६ साठीचे पैसे १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतात. वर्ष संपल्यावर वही मिटवा, खरा आकडा बघा, मग भरा.

दोन्हीकडचं गणित मांडते. ब्राँझ आणि एचएसए: ७७,२४० च्या ९.९६ टक्के म्हणजे महिना ६४१. बेंचमार्क हजार, म्हणून मदत ३५९. ब्राँझ पडेल ४२१ ला, वर्षाचे ५,०५०. गोल्डला एचएसए नाही, उत्पन्न ८२,६४० च राहणार, मदत ३१४, गोल्ड ७७६ ला, वर्षाचे ९,३१०. फरक वर्षाला ४,२६०. आजारपण सगळ्यात वाईट निघालं तर ब्राँझ एकूण १५,०५०, गोल्ड १७,५१०. वर्ष बरं गेलं तरी ब्राँझच स्वस्त. गोल्ड जिंकतं ते फक्त मधल्या पट्ट्यात, वर्षाचं बिल साधारण आठ हजार ते सतरा हजार असेल तर, आणि तेही जास्तीत जास्त हजार-अकराशेने. ती इंजेक्शनं सुरू झाली तर त्यांची बिलं या पट्ट्याच्या पार वर जातात. मग खिशातल्या मर्यादेला लवकर पोहोचाल आणि पुन्हा ब्राँझ.

तुमच्या मैत्रिणीचं सिल्व्हरचं म्हणणं खोटं नाही, फक्त तुम्हाला लागू नाही. सिल्व्हरवर डिडक्टिबल कमी करणारी जी खास सवलत असते ती दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत, दोघांसाठी ५२,८७५. दीडपटीच्या आत असाल तर ती सवलत इतकी मोठी की गोल्डही मागे पडतो. तुमच्या उत्पन्नाला सिल्व्हर म्हणजे महाग हप्ता आणि तरी मोठं डिडक्टिबल.

आता फ्लॅट. हे नीट वाचा. विक्रीचा नफा त्याच बेरजेत येतो. "भारतात कॅपिटल गेन्स भरला" हे उत्तर चालत नाही. भारतातल्या टॅक्सचं क्रेडिट इथल्या टॅक्सवर मिळतं, पण नफ्याची रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. १९९७ चा कोथरूडचा फ्लॅट म्हणजे तुम्ही रेषेच्या शेजारी नाही, दोन गावं पुढे. आणि २०२६ पासूनचा नवा बदल असा की आगाऊ घेतलेली जास्तीची मदत परत करायला पूर्वी उत्पन्नाप्रमाणे मर्यादा असायची, ती आता काढून टाकलीय. रेषेच्या वर गेलात तर घेतलेला प्रत्येक डॉलर रिटर्नमध्ये परत.

म्हणून विकायचाच असेल तर त्या वर्षी मदतीवर पाणी सोडायचं आणि कोब्रा घ्यायचा. ९६० ला जुनंच नेटवर्क, जुन्याच डॉक्टर. हल्ली हे फारसं कुणी सांगत नाही, पण काकांना नोकरी सोडण्याआधीच्या अठरा महिन्यांत मेडिकेअर लागलं असल्याने तुमचा कोब्रा अठरा महिन्यांचा नाही, मेडिकेअर लागल्यापासून छत्तीस महिन्यांचा. म्हणजे २०२८ च्या ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत. फक्त दोन गोष्टी: कोब्रा निवडायला साठ दिवस असतात, नंतर दार बंद. आणि घेतलेला कोब्रा वर्षाच्या मध्येच मनाने सोडलात तर मार्केटप्लेस लगेच घेणार नाही, पुढच्या नोव्हेंबरची वाट बघावी लागेल.

सदाशिवपेठी_शेजारी | १६ नोव्हेंबर २०२५

एवढी आकडेमोड करण्यापेक्षा पुण्याला या की! सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीसुद्धा शून्य झालाय. वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांत दोघांची पॉलिसी.

कर्वेनगर_ते_कोलंबस | १६ नोव्हेंबर २०२५

@सदाशिवपेठी_शेजारी, बोलावणं पोचलं. पण माझा संधिवात तिथल्या पॉलिसीत आधीचा आजार म्हणून तीन वर्षांपर्यंत बाहेर बसवता येतो. नवीन पॉलिसी द्यायलाही कंपनी नाही म्हणू शकते. इथे २०१४ पासून आजारावरून नाही म्हणता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही. वय पाहतात, तेही तरुणाच्या तिपटीपर्यंतच. एवढी एक गोष्ट या लोकांनी धड केलीय. आणि नात इथे दुसरीत आहे. तिची शाळा तीन वाजता सुटते, तिला आणायला पुण्याहून कोण येणार?

@वहीखातं, बाई गं, तुझ्या पायाच पडायला हवं. घसाऱ्याचा विचार आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. इतकी वर्षं टॅक्स भरणाऱ्या माणसाने धरला होता की नाही ते आज कपाटातून रिटर्न काढून बघते.

फ्लॅटचं असं आहे की सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. बिल्डर ठरेपर्यंत कुणी नीट भाव देत नाही. ठरला की मग काय होईल देव जाणे, कमिटीच्या मीटिंगा व्हॉट्सअॅपवर वाचूनच रक्तदाब वाढतो. तर २०२६ मध्ये विक्री नाही असं मी तरी ठरवलं. ह्यांनाही कळवलं.

एक शंका. मदत दर महिन्याला आगाऊ घ्यावीच लागते का? परतफेडीची भीती वाटते.

वहीखातं | १७ नोव्हेंबर २०२५

मुळीच नाही. अर्जात विचारतात, किती आगाऊ हवी. पूर्ण, अर्धी, काहीच नाही, कसंही चालतं. पूर्ण हप्ता भरलात तर रिटर्नमध्ये एकरकमी क्रेडिट मिळतं. त्यासाठी विमा मात्र मार्केटप्लेसमधूनच घेतलेला हवा. थेट कंपनीकडून किंवा एजंटकडून बाहेरचा घेतला तर नंतर काहीच मागता येत नाही. जानेवारीअखेर १०९५-ए नावाचा फॉर्म येईल तो जपून ठेवा, त्याशिवाय मदतीच्या हिशेबाचा फॉर्म ८९६२ भरता येत नाही. आणि पुनर्विकासातून बिल्डरकडून काही रक्कम हाती येणार असेल, मग तिला ते भाडं म्हणोत वा कॉर्पस, तर घेण्याआधी मला विचारा.

आणखी एक, सगळ्यांसाठी. गुगलवर "ओबामाकेअर" टाकून वरच्या जाहिरातीत नंबर देऊ नका. पुढचे कित्येक दिवस फोन वाजत राहतो, आणि महिना शंभर-दोनशेत "पूर्ण विमा" म्हणून जे विकतात ते बहुतेकदा शॉर्ट-टर्म प्लॅन किंवा धार्मिक मंडळांच्या खर्च-वाटणी योजना असतात. जुना आजार ते नाकारू शकतात. पत्त्यात डॉट गव्ह असलेल्या संकेतस्थळावरच जा. तिथे अर्जाला मदत करणारा जवळचा नॅव्हिगेटर शोधता येतो, तो फुकट असतो आणि कमिशनवर नसतो. यंदा केंद्राने त्यांचा निधी फार कापलाय, त्यामुळे वेळ लवकर मागा.

सिमोरकर | १८ नोव्हेंबर २०२५

काकू, मी तुमच्यापासून वीस मिनिटांवर, सिमोरला. काउंटी बदलली की प्लॅनही बदलतात हे इथे वाचून कळलं, तुमचा ब्राँझ माझ्या यादीत नाहीच. माझी वेगळी अडचण आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, कंपनीत कपात चाललीय. बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी इथे जन्मलेली. नोकरी गेली तर मार्केटप्लेस चालतं का? सबसिडी घेतली तर ग्रीनकार्डात अडचण येते का?

वहीखातं | १८ नोव्हेंबर २०२५

@सिमोरकर, विमा घेता येतो. कायदेशीर व्हिसावर असलेल्यांना मार्केटप्लेस खुलं आहे, नोकरीचा विमा संपल्यापासून साठ दिवसांत घ्यायचा. २०२६ मध्ये उत्पन्न बसलं तर मदतही मिळेल, फक्त वर्षाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली जाता कामा नये. पूर्वी व्हिसावाल्यांना त्याखालीही मिळायची, ती सोय यंदाच्या कायद्याने १ जानेवारीपासून बंद. आणि १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी, एच-४ वाल्यांची मदतच बंद होतेय, ग्रीनकार्ड आणि आणखी एक-दोन गटांनाच राहील. विमा पूर्ण भावाने घेता येईल. मुलगी नागरिक आहे, तिचं स्वतंत्र बघावं लागेल. इंडियानात मुलांच्या सरकारी विम्यासाठी उत्पन्नाची मर्यादा मोठ्यांपेक्षा बरीच सैल आहे. ग्रीनकार्डाचा प्रश्न वकिलाला विचारा, माझं ते क्षेत्र नाही.

कर्वेनगर_ते_कोलंबस | ५ डिसेंबर २०२५

काय ठरलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

फोन करून करून घसा बसला, पण आजोबांचं म्हणणं शब्दशः खरं. इंडियानापोलिसच्या माझ्या डॉक्टरांच्या ऑफिसने आधी "हो, घेतो" म्हटलं. नेटवर्कचं नाव वाचून दाखवल्यावर पलीकडे शांतता, मग "नाही, हे नाही". गावातल्या हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये एक भली बाई भेटली. तिने सांगितलं की महिन्यातून दोनदा एक संधिवाताच्या डॉक्टर बाहेरून इथे येतात आणि त्या या ब्राँझमध्ये आहेत. वेळ मार्चची मिळाली. माझ्या आत्ताच्या डॉक्टर चांगल्या आहेत, सात-आठ वर्षांची ओळख, वाईट वाटतंय. त्यांनी फाइल पाठवायचं कबूल केलं आणि डिसेंबरातच सगळ्या तपासण्या करून घ्यायला सांगितल्या, कारण यंदाचं डिडक्टिबल कधीच भरून झालंय. इंजेक्शनांची दोन नावंही लिहून दिली. दोन्ही ब्राँझच्या यादीत आहेत, मंजुरी घेऊन.

कोब्राचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. जुन्याच डॉक्टर, काही बदलायचं नाही. पण वर्षाचे साडेअकरा हजार आणि ब्राँझचे पाच. फ्लॅट विकणार असतो तर घेतला असता. ते पत्र मी फेकलेलं नाही, साठ दिवसांची शेवटची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीय.

मदत अर्धी आगाऊ घेतली. म्हणजे महिना सहाशे भरायचे, उरलेलं रिटर्नमध्ये. ह्यांना हे पटलेलं नाही, त्यांच्या मते सरकारकडे आपले पैसे का ठेवायचे. मी म्हटलं, परत मागायला ते आले तर दार तुम्ही उघडा.

आयआरएमधून ४०,००० ऐवजी ३६,०००, बाकी रॉथमधून, म्हणजे आधीच कर भरून ठेवलेल्या निवृत्ती खात्यातून. रॉथचे पैसे बेरजेत येत नाहीत हे मला इथल्याच एका जुन्या धाग्यात सापडलं. अर्ज भरला, ब्राँझ १ जानेवारीपासून. ज्यांना १ जानेवारी हवी त्यांनी १५ डिसेंबरच्या आत भरा. १५ जानेवारीपर्यंत मुदत आहे खरी, पण मग विमा फेब्रुवारीत सुरू होतो. आणि पहिला हप्ता कंपनीला वेगळा भरावा लागतो, अर्ज केला म्हणजे झालं असं नाही.

@वहीखातं, जुने रिटर्न काढले. घसारा धरलेला नाही, एकाही वर्षी. आता काय?

वहीखातं | ५ डिसेंबर २०२५

काकू, त्याला एक फॉर्म आहे, ३११५. मागचा सगळा राहिलेला घसारा एकाच वर्षात घेता येतो. आणि ते वर्ष २०२६ ठेवायचं की २०२५, हे तुमची वही समोर ठेवूनच ठरवू. घाईने यंदाच्या रिटर्नमध्ये टाकू नका. फ्लॅट घेतल्याची पावती, भाड्याने द्यायला कधी सुरुवात केली ती तारीख, आणि त्या वेळचा डॉलरचा भाव शोधून ठेवा.

फिशर्सचे_आजोबा | ६ डिसेंबर २०२५

मार्चची वेळ पक्की ठेवा, पण फेब्रुवारीत पुन्हा एकदा बिलिंगला फोन करा. वर्ष बदललं की डॉक्टरांचे करारही बदलतात.